हिरवी इमारत वेगळी, हिरवी वसाहत वेगळी

जाहिरातीतल्या इमारतीच्या गच्चीवर सोलर पॅनेल असतात, बाल्कनीतून वेली सोडलेल्या असतात आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हरित वसाहत'. बहुतेक वेळा ती हरित वसाहत नसते, हरित इमारत असते. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण एकीचे पैसे मोजून दुसरी मिळाली असं समजणाऱ्याला मे महिन्यात दुपारी चारला गेटबाहेर पाय टाकला की फरक कळतो.

खान्देशात हा गोंधळ वेळीच निस्तरलेला बरा. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठेही जा, गावाच्या ऐन मोक्यावर जुनी सरकारी जागा सापडते. पाटबंधारे खात्याची कॉलनी, बांधकाम खात्याची बैठी क्वार्टर्स, वापरात नसलेली गोदामं. कौलं फुटलेली, दारं-खिडक्या गायब, पण कंपाउंडमध्ये जुने निंब अजून उभे. अशा जागेवर उद्या घरं बांधायची ठरली, तर तिथे हिरव्या इमारती होतील की हिरवी वसाहत, हे आर्किटेक्टच्या टेबलावर ठरत नाही. जागा सरकारच्या हातून अख्खी सुटते की तुकड्यांनी, आणि कोणत्या अटींवर, तिथेच ते ठरून जातं.

आधी इमारत. तिचा हिशोब प्लॉटच्या कुंपणाच्या आत सुरू होतो आणि आतच संपतो. भिंतीतून आणि खिडकीतून किती उष्णता आत येते, नळाला पाणी किती धारेने येतं, दिवे-पंखे किती वीज खातात, पाणी तापवायला सौर बंब आहे का, वगैरे. केंद्राची २०१८ ची 'इको निवास संहिता' मुख्यतः घराच्या या बाह्य कवचाबद्दलच बोलते. इमारत किती हिरवी याला गुण देणारी मानांकनं दोन जास्त चालतात. 'टेरी' संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांच्या पुढाकारातून आलेलं 'गृहा', आणि 'आयजीबीसी'चं, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. बिल्डरला यात रस का, तर डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मानांकनाच्या पायरीनुसार मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ती मर्यादा) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. बक्षीस इमारतीला आहे, म्हणून इमारती हिरव्या होतात. यात वावगं काही नाही. पण शेजारच्या रस्त्याचं काय, हे या हिशोबात कुणी विचारत नाही.

वसाहतीचा हिशोब त्या रस्त्यापासूनच सुरू होतो. रस्त्याची दिशाच घ्या. लेआउटमध्ये रस्ते उत्तर-दक्षिण पाडले, तर प्लॉटची तोंडं पूर्वेला आणि पश्चिमेला होतात. लहान प्लॉटवर घरं बाजूंनी एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असतात, म्हणजे उघड्या राहतात त्या पुढची आणि मागची भिंत. आमच्याकडे दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत पश्चिमेची भिंत तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत घरात सोडत राहते. हेच रस्ते पूर्व-पश्चिम पाडले, तर घरांची तोंडं उत्तर-दक्षिण होतात. खान्देश २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मे अखेरीस भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या भिंतीला साध्या छज्जाचीही सावली पुरते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा तेच ऊन आत येतं आणि हवंसंही वाटतं. यासाठी जादा पैसा लागत नाही, नकाशावरची रेघ तेवढी फिरवावी लागते. पण प्लॉट विकला गेल्यावर ती रेघ कुणालाच फिरवता येत नाही. मग पश्चिममुखी प्लॉटवरचा माणूस महागडी काच, इन्सुलेशन आणि दोन टनांचा एसी लावून तीच उष्णता हटवत बसतो, आणि एसीचं बाहेरचं युनिट ती गल्लीत ओततं. इमारतीला तरीही चांगले गुण मिळू शकतात! (पूर्वमुखी प्लॉटला भाव जास्त, हे मला माहीत आहे. पण पूर्वमुखी ओळीच्या समोरची ओळ पश्चिममुखी असणारच. तिथेही कुणीतरी राहणार आहे.)

दुसरं पाणी. जळगाव भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरा. दहा एकर जागेवर तो पडला तर सुमारे २ कोटी ८३ लाख लिटर पाणी झालं. नियमाप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, म्हणजे व्यवहारात गच्चीचा पाइप खड्ड्यात सोडलेला असतो. त्यात सापडतं ते फक्त गच्चीवरचं पाणी. रस्ते, पार्किंग आणि मोकळ्या जागेवर पडलेलं गटारीतून नाल्याला जातं. शिवाय जिथे काळी माती आहे, तिथे ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. शोषखड्डा खालच्या मुरमापर्यंत नेला नाही तर तो जुलैतच तुडुंब भरतो आणि डास पाळतो. अख्खी जागा एका हातात असली, तर जागेचा उतार बघून सखल कोपरा मोकळा ठेवता येतो, रस्त्याच्या कडेने पाणी मुरवायला उथळ, गवत लावलेल्या चाऱ्या (चर) काढता येतात, आणि जुन्या कॉलनीतली कचऱ्याने बुजलेली विहीर उपसून, आधी गाळ बसवणारी टाकी बांधून, तिच्यात पाणी सोडता येतं. हे एकेका प्लॉटवाल्याला शक्य नाही. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीतून येतं आणि त्याच्या पलीकडच्याच्या हद्दीत जातं.

सांडपाण्याचंही असंच. इमारतीपुरता छोटा शुद्धीकरण संच बसवला जातो, मानांकन मिळतं, आणि पुढे वीजबिल परवडत नाही म्हणून सोसायटी तो बंद ठेवते. वसाहतीचा एकच मोठा संच आणि तो चालवायला पगारी माणूस, हे स्वस्त पडतं. प्रश्न तो सांभाळणार कोण, हा आहे. आमच्या भागाला तो नवा नाही. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनात, पाट कुण्या एकाचा नव्हता, पाणी सोडायला पाटकरी होता आणि त्याचा मोबदला शेतकरी मिळून देत. वसाहतीला तसा पाटकरी लागतो. इमारतीला सेक्रेटरी पुरतो.

झाडं कोणत्या हिशोबात धरायची, हेही इथेच ठरतं. दिल्लीत सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांच्यासह सात सरकारी कॉलन्यांच्या पुनर्विकासाला २०१६ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. २०१८ मध्ये तिथली हजारो झाडं तोडायची वेळ आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. नवी इमारत कितीही कमी वीज खाणारी असली, तरी पन्नास वर्षांच्या निंबाखालची सावली ती देऊ शकत नाही. बदल्यात लावलेलं रोप तेवढं मोठं व्हायला एक पिढी जाते, तीही ते जगलं तर.

उलट उदाहरण जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातलं. तिथे फ्रेंच सैन्याची छावणी होती. सैन्य १९९२ मध्ये गेलं, शहराने जागा घेतली आणि सुमारे ४० हेक्टरवर 'वोबाँ' नावाची वस्ती उभी केली. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात. छावणीतली मोठी झाडं ठेवली. बहुतेक घरांपुढे पार्किंग नाही, गाडी हवी असेल तर वस्तीच्या कडेच्या गॅरेजमध्ये जागा विकत घ्यायची. पावसाचं पाणी चाऱ्यांतून मुरवतात. २००६ मध्ये ट्राम थेट वस्तीत आली. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शहराने जागा एका मोठ्या बिल्डरला दिली नाही. लहान प्लॉट पाडून अनेक बांधकाम-गटांना दिले, पण कमी ऊर्जेच्या घराची अट विक्रीकरारातच घातली. म्हणजे तुकडे पाडले, पण आधी रस्ते, चाऱ्या आणि झाडं ठरवून मग. तिथली जाड भिंत ऊब धरून ठेवायला आहे, आपल्याला ऊन बाहेर ठेवायला हवी. नक्कल करायची असलीच तर करारातल्या अटीची करावी.

तशी अट घालायला आपल्याकडे जागाही आहे. सरकारी जमीन कब्जेहक्काने किंवा भाडेपट्ट्याने दिली जाते तेव्हा ती साधारणपणे भोगवटादार वर्ग-२ किंवा सरकारी पट्टेदार म्हणून उताऱ्यावर येते. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. घर घेणाऱ्यांना या वर्ग-२ ची धास्ती असते आणि ती योग्यच आहे. पण जमीन देणाऱ्याच्या हातात तो लगामही आहे. झाडं किती आणि कुठली ठेवायची, कुठला कोपरा मोकळा राहील, पाणी कुठे मुरवायचं, हे मंजुरीच्या आदेशात लिहिता येतं. जमीन लिलावात सर्वांत मोठ्या बोलीला, विनाअट गेली, की बिल्डरला जे फायद्याचं तेवढंच हिरवं होणार.

उरलेलं थोडक्यात. किराणा, बालवाडी आणि एसटीचा थांबा चालत जाण्यासारखा आहे का, हा वसाहतीचा प्रश्न. घरातलं वीजबिल किती, हा इमारतीचा. मानांकनाचं पत्र हातात आलं तर ते एका इमारतीचं आहे की पूर्ण टाउनशिपचं, ते बघा. मोठ्या वसाहतींसाठी 'गृहा' आणि 'आयजीबीसी' दोघांचीही वेगळी मानांकनं आहेत. आणि दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर माझं मत सावलीच्या गल्लीतल्या साध्या विटांच्या घराला. ओसाड लेआउटमधल्या प्लॅटिनम टॉवरच्या लिफ्टमधून उतरल्यावर शेवटी त्याच उन्हात यावं लागतं.

विकास आराखड्यात अशी जुनी सरकारी जागा बहुधा सार्वजनिक वापराची दाखवलेली असते. तिथे घरं बांधायची तर वापर बदलावा लागतो, आणि त्यासाठी प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढून एक महिना हरकती मागवल्या जातात. पेपरच्या आतल्या पानावर, बारीक टायपात ती येते. तेव्हा 'झाडे वाचवा' एवढंच लिहून देऊ नका. झाडांची मोजणी नकाशावर दाखवा, जागेचा उतार कुठे आहे ते दाखवा, विहीर कुठे आहे ते दाखवा, आणि प्लॉट पाडण्याआधी रस्ते पूर्व-पश्चिम आखावेत अशी लेखी सूचना द्या. पोच घ्यायला विसरू नका.