पाच सेंटचं नाणं आणि 9.95 चं युनिट : अमेरिकेतल्या अंत्यखर्च विम्याची पार्श्वभूमी

मुलांकडे कायमचं राहायला अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांच्या टपालात, अंत्यविधीच्या खर्चासाठी काढायच्या छोट्या विम्याच्या जाहिरातींची पाकिटं हमखास सापडतात. वैद्यकीय तपासणी नाही, नकार नाही, हप्ता महिना 9.95 डॉलरपासून. मग मुलगा किंवा सून चार कंपन्यांचा तक्ता करायला बसते आणि पहिला रकाना आखते तो हप्त्याचा. गफलत तिथेच होते, आणि ती जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे.

1875 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात, ब्रिटनमधल्या नमुन्यावरून, कामगारांसाठी छोटा विमा सुरू झाला. एजंट दर आठवड्याला दारात यायचा, तीन किंवा पाच सेंट घ्यायचा आणि वहीत नोंद करायचा. सरकारी खर्चानं बेवारशासारखं पुरलं जाऊ नये, एवढीच विमेदाराची अपेक्षा. या व्यवहारात हप्ता नाण्यात बसेल असाच ठेवत आणि त्या नाण्यात किती रकमेचा विमा मिळणार हे वयावर ठरे. वसुलीला ते सोयीचं होतं, घेणाऱ्याला मात्र रक्कम दुय्यम वाटायला लागली. याच फटीतून कृष्णवर्णीयांना कित्येक कंपन्यांनी त्याच नाण्यात कमी रकमेचा विमा दिला. त्याचे दावे पुढे शतकभरानं कोर्टात गाजले. 2000 साली एकाच कंपनीची तडजोड 20 कोटी डॉलरच्या वर गेली. विम्याच्या रकमेपेक्षा जास्त हप्ते भरून बसलेले म्हातारे विमेदार तेव्हा सापडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दारावरची वसुली आटत गेली. नोकरीतून सामूहिक विमा मिळू लागला, वर सामाजिक सुरक्षा योजनेची मृत्यूनंतरची एकरकमी मदत होती. ही मदत 1954 पासून जास्तीत जास्त 255 डॉलरवर थांबली आहे, आणि 1981 च्या कायद्यानंतर ती फक्त जोडीदाराला किंवा पात्र मुलांनाच मिळते. दफनासह पारंपरिक अंत्यविधीचा मध्यम खर्च 2023 मध्ये 8,300 डॉलर होता. मधल्या दरीत टीव्हीवरचे जाहिरातदार उतरले. ‘फायनल एक्सपेन्स’, म्हणजे अंत्यखर्च, हे नाव बाजारातलं आहे. आतला कागद बघितला तर तो छोट्या रकमेचा साधा आजीवन विमाच असतो.

आता ते ‘युनिट’. काही कंपन्या विमा युनिटमध्ये विकतात : एका युनिटला महिना 9.95 डॉलर, वय कितीही असो. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना सारखाच भाव. प्रत्यक्षात युनिटमागे मिळणारी रक्कम वयाबरोबर घसरते. पन्नाशीत घेतलेल्या युनिटच्या निम्मीही पंच्याहत्तरीत घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. पाच सेंटचंच नाणं हे, फक्त मोठं झालेलं. एक हिशोब करून पाहा. पासष्टीतल्या गृहस्थांनी तीन युनिटं घेतली, आणि समजा युनिटमागे 900 डॉलर मिळतात. विमा 2,700 चा, हप्ता महिना 29.85, म्हणजे वर्षाला 358.20. साडेसात वर्षांत भरलेले हप्ते विम्याच्या रकमेला गाठतात, आणि त्यानंतरही हप्ता चालूच राहतो. बेकायदा यात काही नाही, रक्कम कागदावर लिहिलेली असते. पण मासिक हप्ता शेजारी शेजारी मांडून केलेल्या तक्त्याला काडीचा अर्थ उरत नाही. तक्ता करायचाच तर दर हजार डॉलरच्या विम्याला आपल्या वयात हप्ता किती पडतो, याचा करावा.

‘गॅरंटीड’ या शब्दातही मेख आहे. हमी असते ती अर्ज स्वीकारण्याची. पहिल्या दोन वर्षांत आजारानं मृत्यू आला तर वारसाला सहसा भरलेले हप्ते आणि वर साधारण दहा टक्के, एवढंच मिळतं. पूर्ण रक्कम मिळते ती अपघाती मृत्यूला. प्रकृतीचे प्रश्न विचारणारी पॉलिसी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण रक्कम देऊ शकते. गोळ्यांवर आटोक्यात असलेला मधुमेह तिथे अनेकदा चालतो. आपली मंडळी मात्र तपासणी आणि प्रश्नांच्या धास्तीनं उगाच या विनाप्रश्न पण महाग पॉलिसीच्या दारात उभी राहतात.

रकमेचा आकडाही उधारीचाच असतो. जाहिरातीतला खर्च शवपेटी आणि दफनासकट मोजलेला असतो. आपल्याकडे दहन होणार, तेही बहुधा साधं. 1984 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार अंत्यविधी करणाऱ्या संस्थेला बाबवार दरपत्रक द्यावं लागतं, आणि फोनवर विचारलं तरी दर सांगावे लागतात. तो फोन आधी केला तर किती रकमेचा विमा हवा ते कळतं. नाशिकला अस्थी घेऊन जाणाऱ्या मुलाचं विमानाचं तिकीट त्यात धरायचं की नाही, हे घरानं ठरवावं.