अंडरड्राइव्ह पुली बसवून गाडीला नेमके काय मिळते?

गाडीचे बॉनेट उघडून इंजिनाच्या कडेला पाहिले, तर खाचांचा एक लांब काळा पट्टा चार-पाच पुल्यांना वळसे घालून गेलेला दिसतो. त्यांतली खालची, सर्वांत मोठी पुली क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावर बसवलेली असते आणि तिच्याच जोरावर वीज तयार करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि जुन्या बनावटीच्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरतो. या सगळ्यांना लागणारी शक्ती इंजिनातूनच खर्च होते, तेवढी ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेतील मोटार कंपन्या १९७१ पर्यंत जाहिरातींत जी ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत असत, ती अशी बरीचशी उपकरणे काढून ठेवून मोजलेली असे. १९७२ च्या मॉडेलांपासून उपकरणांसह मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती छापली जाऊ लागली, तेव्हा कागदावरचे आकडे एकाएकी घसरले.

अंडरड्राइव्ह पुलीमागची कल्पना सरळ आहे. क्रँकशाफ्टवरची पुली मूळ पुलीपेक्षा लहान बसवली, की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत पट्टा कमी सरकतो आणि त्यावर चालणारी सर्व उपकरणे साधारण १५ ते २५ टक्के सावकाश फिरतात. ती सावकाश फिरली, की शक्ती वाचते, यात खोटे काही नाही. प्रश्न आहे तो किती वाचते, आणि मुख्य म्हणजे केव्हा वाचते.

पाण्याच्या पंपाचे उदाहरण घेऊ. हा पंप केंद्रोत्सारी प्रकारचा असतो आणि अशा पंपाला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर शक्ती ०.८ च्या घनाइतकी, म्हणजे जवळजवळ निम्मी होते. ऐकायला हे फार मोठे वाटते. पण तोच घनाचा नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो. समजा, इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना पंप २ अश्वशक्ती खातो. लहान पुलीने तिथे सुमारे १ अश्वशक्ती वाचेल. आता तेच इंजिन २,००० फेऱ्यांवर, म्हणजे रोजच्या वेगाने चालवा: पंपाचा मूळ खर्चच सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो, सुमारे ५५ वॉट, आणि बचत होते जेमतेम २७ वॉटची. हेडलाइटचा एक साधा बल्बही याहून जास्त वीज घेतो. पुलीमुळे इंधन वाचेल या आशेवर मी तरी विसंबणार नाही.

अल्टरनेटरचा हिशेब आणखी वेगळा आहे. दिवे, पंखा आणि इंधनाचा पंप यांना जेवढी वीज हवी, तेवढी ती द्यावीच लागते. अल्टरनेटर सावकाश फिरू लागला, की व्होल्टेज रेग्युलेटर त्याच्या फिरत्या वेटोळ्यातला प्रवाह वाढवतो, फिरवायला तो तितकाच जड होतो आणि बचत उरते ती फक्त घर्षणाची व आतल्या पंख्याच्या हवेची. त्यातून इंजिन नुसते सुरू ठेवून गाडी उभी असेल, तर अडचण सुरू होते. इंजिनाचे ७५० फेरे आणि पुल्यांचे गुणोत्तर २.८ धरले, तर अल्टरनेटर २,१०० फेरे घेतो. २० टक्के कपातीनंतर ते १,६८० वर येतात. वेगाच्या या टप्प्यात अल्टरनेटरची क्षमता फेऱ्यांबरोबर झपाट्याने पडते, म्हणून पावसाळी रात्री कोंडीत अडकलेल्या गाडीचे दिवे, वायपर आणि एसीचा पंखा एकदम चालू असतील, तर उणी पडलेली वीज बॅटरीतून जाते. एसीचा गारवाही नेमका तेव्हाच कमी पडतो.

हलक्या पुलीमुळे इंजिन चटकन फेरे पकडते, असाही दावा केला जातो. तो खरा आहे, पण अल्प प्रमाणात. पुली ३ किलोने हलकी केली आणि तिची त्रिज्या ७ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या गिअरमध्ये प्रवेग घेताना गाडीचे वजन सुमारे १६ किलोने घटल्यासारखा परिणाम होतो. वरच्या गिअरमध्ये तो एक किलोच्याही आत येतो.

माझा खरा आक्षेप मात्र दुसऱ्याच गोष्टीला आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात ६,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्टला सेकंदाला २०० धक्के बसतात आणि प्रत्येक धक्क्याने तो पोलादी दांडा अंशाच्या काही भागाइतका पिळला जाऊन परत सुटतो. या धक्क्यांची लय दांड्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, तर पीळ वाढत जातो आणि दांड्याला तडा जाऊ शकतो. म्हणून अनेक इंजिनांची मूळ पुली दोन भागांची असते: आतला तुंबा, बाहेरचे जड कडे आणि मध्ये रबर. रबर ही कंपने उष्णतेत जिरवते. तुंबा आणि कडे यांच्या मधोमध काळ्या रबराची बारीक गोल रेघ दिसली, तर ती नुसती पुली नसून डॅम्पर आहे, असे समजावे. तिच्या जागी अ‍ॅल्युमिनिअमची अखंड पुली बसवली, की हे संरक्षण जाते. ‘आमचे इंजिन आतूनच संतुलित आहे, डॅम्परची गरज नाही’ हे विक्रेत्यांचे उत्तर दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करते. संतुलनामुळे इंजिनाची थरथर कमी होते, दांड्याचा पीळ नव्हे.

शर्यतीच्या गाडीत मात्र ही पुली शोभते. तिथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर असते, पंपात पाण्याचे बुडबुडे होऊन प्रवाह तुटण्याचा धोका असतो, आणि ६,५०० फेऱ्यांना तिप्पट गुणोत्तर लावले, तर अल्टरनेटर १९,५०० वर जातो, जे अनेक अल्टरनेटरांच्या १८,००० च्या मर्यादेपलीकडचे आहे. तिथेही पुली डॅम्परसह घ्यावी आणि पट्टा योग्य लांबीचा बसवावा, कारण लहान पुलीवर पट्ट्याची पकड आधीच कमी झालेली असते.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालते आणि स्टिअरिंग वळवतानाच शक्ती घेते, त्यामुळे पट्ट्यावरचे एक मोठे ओझे कंपनीनेच उतरवले आहे. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतात, आणि या उपकरणांचा पट्टा इंजिनावर मुळी नाहीच.