बक्षीस शोधाच्या वाटेला : विद्यार्थी-संशोधनासाठीच्या ग्रंथालय पुरस्कारांची पार्श्वभूमी

ग्रंथालयाने विद्यार्थ्याला बक्षीस देण्याची प्रथा सुरू झाली ती पुस्तके जमवण्यावरून. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात 1930 च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या खासगी पुस्तकसंग्रहाला पारितोषिक मिळू लागले. येल विद्यापीठाने 1957 मध्ये तेच केले. संग्रहाला विषय आहे का, निवडीमागे विचार आहे का, एवढेच तिथे पाहत.

वळण आले 2000 मध्ये. महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या अमेरिकी संघटनेने माहिती-साक्षरतेचे निकष ठरवले : गरज ओळखणे, शोधणे, पारखणे, वापरणे. हे विद्यार्थ्याला जमते का, ते तपासायचे कसे, हा प्रश्न मग ग्रंथपालांपुढे उभा राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ग्रंथालयाने 2002 मध्ये पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधन पारितोषिक स्थापन केले, 2004 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने. निबंधाचे गुण विभाग देतोच. ग्रंथालयाने बक्षीस ठेवले ते निबंधापर्यंत पोचण्याच्या वाटेला. म्हणून अशा अर्जात साधारण चार गोष्टी असतात : मूळ निबंध, पाचशे ते साडेसातशे शब्दांचा शोधवृत्तांत (साधने कशी शोधली त्याची हकिकत), संदर्भसूची आणि मार्गदर्शकाचे पत्र.

यातला शोधवृत्तांत सर्वांत महत्त्वाचा, आणि बिघडतोही तोच. विद्यार्थी तो शेवटच्या आठवड्यात आठवून लिहितात, आणि त्याचा निबंधाचा सारांश होऊन बसतो. परीक्षकाला हवे असते ते वेगळेच : कोणत्या शब्दाने शोधले, काय सापडले नाही, मग शब्द का बदलला, कोणते साधन हाती येऊनही बाजूला ठेवले. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही हवी. तारीख, कोणती तालिका (ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची), कोणता शोधशब्द, किती नोंदी, त्यातल्या किती कामाच्या, एवढे पाच रकाने पुरतात.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या दिशेने वाढली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहून नऊ वर्षांनी मोठे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे सांगते, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाने शोधून हातात द्यायचे, ही आपली सेवेची कल्पना त्याच्याशी जुळणारी. वाचक स्वतः कसा शोधतो, याची नोंद ठेवण्याची सवय मात्र त्यातून लागली नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा 2006 पासून आहे. तिथे मांडणी आणि निष्कर्ष तोलले जातात. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात पीएच.डी.चे प्रबंध जपले जातात. बी.ए., एम.ए.चे प्रकल्प मात्र विभागाच्या कपाटात राहतात आणि जागा लागली की रद्दीत जातात.

सीमाभागात शोधाची वाट इतकी वाकडी आहे की असा पुरस्कार इथे फार शोभेल. शहापूरच्या हातमागावर लिहिणारी विद्यार्थिनी घ्या. आज शहापूर बेळगाव शहराचाच भाग, पण 1948 च्या विलीनीकरणापर्यंत ते सांगली संस्थानात होते. म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रे शोधताना नुसते बेळगाव जिल्ह्याचे दप्तर पाहून भागत नाही. सांगलीकडे वळावे लागते. जिल्ह्याचे 1884 चे गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, मुंबई इलाख्याच्या मालिकेत आहे. इथली महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला, आणि 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाला. प्रबंध कुठे असेल, हे तो कोणत्या साली झाला त्यावर ठरते.

कपाटापाशीही हेच. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य 891.46 वर, कन्नड 894.814 वर, महाराष्ट्राचा इतिहास 954.79 वर, कर्नाटकाचा 954.87 वर. एका गल्लीतल्या दोन भाषा अशा दोन ठिकाणी. त्यात नावाचा घोळ. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या इंग्रजी नोंदी ‘बेल्गाम’ उच्चाराच्या स्पेलिंगखाली, मराठी नोंदी कधी ‘बेळगांव’, कधी ‘बेळगाव’. संगणकाला अनुस्वार म्हणजे वेगळे अक्षर. एकच रूप टाइप करणाऱ्याला बाकीची पुस्तके दिसतच नाहीत, आणि ‘या विषयावर काहीच नाही’ असे वाक्य प्रकल्पात जाते. चार रूपे करून पाहिल्याची नोंद वहीत असेल, तर ते वाक्य लिहायचा अधिकार मिळतो.

असा पुरस्कार इथल्या महाविद्यालयाने सुरू करायचा ठरवला, तर मोठी रक्कम लागत नाही. परीक्षकांत एक ग्रंथपाल हवाच, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचणारे कोणीतरी हवे. नाहीतर परीक्षकाला न येणाऱ्या भाषेतली साधने तपासल्यावाचूनच राहतात. मार्गदर्शकाच्या पत्रात ‘विद्यार्थी होतकरू आहे’ यापलीकडे विद्यार्थ्याने स्वतः काय शोधले ते मागावे. एक अट जरूर असावी : विजेता निबंध आणि शोधवृत्तांत ग्रंथालयात दाखल व्हावा, त्याला दाखलक्रमांक मिळावा, आणि तालिकेत त्याची नोंद गावाच्या नावाच्या सगळ्या रूपांखाली व्हावी.