कढीपत्त्यावरचे बहुरूपी : कॉमन मॉरमॉन

कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पाने कुरतडलेली दिसली की हात आधी औषधाच्या फवाऱ्याकडे जातो. तो आवरावा आणि पाने नीट पाहावीत. पानाच्या मधोमध पाखराच्या ओल्या शिटेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका असेल आणि हलकेच डिवचल्यावर तो हलला, तर ती बहुधा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी आहे. लाइम फुलपाखराच्या लहान अळ्याही तशाच दिसतात आणि त्याच झाडावर वाढतात. दोन्ही जाती स्वॅलोटेल कुळातल्या, पण मागच्या पंखाला शेपटीसारखे टोक असते ते मॉरमॉनला.

मॉरमॉनचे पंख पसरले की ९ ते १० सेंटीमीटर भरतात. नर ओळखायला सोपा : काळे पंख आणि मागच्या पंखावर आडवी पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र तीन रूपांत भेटते. एक रूप थेट नरासारखे. दुसऱ्या रूपात मागच्या पंखावर पांढरे पट्टे आणि कडेला लाल चंद्रकोरी असतात, म्हणजे हुबेहूब कॉमन रोझ हे दुसरे फुलपाखरू. तिसरे रूप क्रिमझन रोझची नक्कल करते. ते भारत आणि श्रीलंकेत, म्हणजे खरी क्रिमझन रोझ जिथे उडते तिथेच आढळते.

ही दोन्ही रोझ फुलपाखरे विषारी असतात. त्यांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि वेलीतले विष अंगात साठवतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगांच्या वाटेला जात नाही, आणि त्याचा फायदा बिनविषारी मॉरमॉन मादीला मिळतो. आपल्याला मात्र फसायचे कारण नाही. पंख सोडून धड पाहा : रोझचे धड लाल, मॉरमॉनचे काळे. फुलावर बसलेल्या फुलपाखरात ही खूण सहसा चुकत नाही.

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? नकली फार वाढल्या तर पक्ष्याला लाल ठिपक्यांचे चविष्ट फुलपाखरूच वारंवार सापडेल आणि त्याची भीती मोडेल. सोंग विरळ असेपर्यंतच कामाचे. ही रूपे आईकडून मुलीकडे कशी जातात, हे कीटकशास्त्रज्ञ जे. सी. एफ. फ्रायर यांनी शंभर वर्षांपूर्वी श्रीलंकेत या फुलपाखरांची पैदास करून शोधले. एवढा मोठा रंगबदल जनुकीय साच्यातल्या एकाच जागेवरून ठरतो, असे त्यांना दिसले. ती जागा म्हणजे ‘डबलसेक्स’ हे जनुक, हे जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. कीटकांत नर-मादीची शरीरे वेगळी घडवणारे हे जनुक इथे पंखांची नक्षीही ठरवते. कॉमन रोझचे सोंग घेणाऱ्या माद्यांत जनुकाचा हा भाग गुणसूत्रावर उलटा बसलेला असतो. त्यामुळे मूळ आवृत्तीशी त्याची सरमिसळ होत नाही आणि नक्षी अर्धवट उतरत नाही. नरातही तो असू शकतो, पण त्याच्या पंखांवर काही दिसत नाही.

अंडी घालण्यापूर्वी मादी पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. पायांवरच्या संवेदकांनी ती पानाची चव घेत असते. कढीपत्ता, लिंबू, बेल, कुंती ही एकाच कुळातली झाडे तिला चालतात. मिलिमीटरभर आकाराचे, गोल, फिकट पिवळे अंडे ती एकेक करून कोवळ्या पानावर चिकटवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुधा आधी अंड्याचे टरफल खाते.

अळी चार वेळा कात टाकते. पाचव्या अवस्थेत शिटेचे सोंग संपते, कारण चार सेंटीमीटरची शीट कोणालाच पटणार नाही. आता ती हिरवीगार होते आणि फुगीर खांद्यांवर खोटे डोळे उमटतात. डिवचली तर डोक्यामागून लाल, दुभागलेले शिंग बाहेर येते. त्याला ऑस्मेटेरियम म्हणतात. त्याचा आंबूस, उग्र वास मुंग्यांना दूर ठेवतो. सगळ्यात जास्त खादाडी याच अवस्थेत होते. लहान रोपावर दोन-तीनच अळ्या ठेवा, नाहीतर पाने संपतील आणि अळ्या उपाशी मरतील.

अळी घरात वाढवायची तर झाकणाला बारीक भोके पाडलेली बरणी पुरते. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली तर बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून बुडते. लेंड्या रोज काढा. ओलसर घाणीत रोग पसरतो आणि अळी काळी पडून पाझरू लागते. बाजारातली कढीपत्त्याची जुडी घालू नका, तिच्यावर कीटकनाशक असू शकते. अळी दिवसभर निश्चल बसली तर ती कात टाकायच्या तयारीत असते. तिने पानावर रेशमाची गादी विणून पाय रोवलेले असतात. तेव्हा उचललीत तर कात अडकून ती मरते.

दोन-तीन आठवड्यांनी अळी पातळ विष्ठा टाकते आणि खाणे सोडून भटकते. मग फांदीवर शेपटीकडचे टोक रोवून, कमरेभोवती रेशमी दोरा घेऊन ती तिरकी टेकते. कोष हिरवा होणार की तपकिरी, हे कोष बनण्यापूर्वीच्या काही तासांत ठरते : गुळगुळीत हिरव्या देठावर बहुधा हिरवा, खरबरीत वाळक्या काटकीवर तपकिरी. पुढे तो रंग बदलत नाही. कोष अजून मऊ असतानाच टेरोमॅलस जातीची इवली गांधीलमाशी त्यात अंडी घालते. नंतर बारीक भोक पडलेला कोष दिसला, तर त्यातून फुलपाखरू नव्हे, माश्या बाहेर पडल्या.

दोरा तुटून कोष पडला तर खरबरीत कागदाचा शंकू करून त्यात शेपटी खाली, डोके वर असा ठेवा. साधारण दहा दिवसांनी कोषातून पंखांची नक्षी दिसू लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघते. त्याला वर चढून पंख खाली सोडायला जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. सोडण्यापूर्वी दोन-तीन तास वाळू द्या. जागा असेल तर कढीपत्त्याबरोबर ईश्वरीची वेलही लावा : परिसरात रोझ फुलपाखरे टिकली, तरच मॉरमॉन मादीच्या लाल ठिपक्यांना पक्षी घाबरतील.