भाजीपाल्याची पारख (शालेय पोषण आहार)

शालेय पोषण आहार योजनेसाठी शाळेत येणारी ताजी भाजी व फळे ताब्यात घेताना होणारी तपासणी. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून तिचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे आहे.

योजनेचा तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून येतो. महाराष्ट्रात डाळी, तेल, मसाले ठरलेला पुरवठादार पोहोचवतो. भाजी मात्र बहुतेक ग्रामीण शाळा ‘इंधन व भाजीपाला’ या खर्चातून गावात किंवा आठवडी बाजारात घेतात. तांदळाच्या पोत्यामागे पावती व साठा नोंदवही असते, मेथीच्या जुडीमागे काहीच नसते. अ‍ॅगमार्कची प्रतवारी फळे-भाज्यांसाठीही आहे, पण ती ऐच्छिक असल्याने बाजारातल्या पाटीपर्यंत क्वचितच पोहोचते. त्यामुळे तपासणीचे खरे काम स्वयंपाकी-मदतनीस बायकांच्या हाती राहते. कागदावर ते कुठे दिसत नाही, आणि त्यांचे तुटपुंजे मानधन पाहता त्याचे मोलही कुणी धरलेले नाही.

पारख हाताने, नाकाने आणि जिभेने होते. भेंडीचे टोक मोडून पाहतात: कट्‌कन तुटले तर कोवळी, वाकले तर जून. वांग्याला भोक असेल तर ते चिरून आत अळी पाहतात. पालेभाजीची जुडी सोडून मधली पाने पाहावी लागतात, कारण सड तिथून सुरू होते. पाणी मारलेली जुडी वजनाला भरते आणि दुपारपर्यंत काळी पडते. हिरवट बटाटा बाजूला काढायचा, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. दुधीचा तुकडा कच्चाच चाखून थुंकावा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकायचा. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही.

प्राथमिक वर्गात मुलामागे ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गात ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे. शंभर लहान मुलांना पाच किलो लागते. नेमकी पाच किलोच आणली आणि त्यातली एक किलो सडकी निघाली, तर परत करायला विक्रेता समोर नसतो. अशा दिवशी आमटी पातळ होते, किंवा टाकायची भाजी पातेल्यात जाते. निवडणाऱ्या बाईला ‘हे नको’ म्हणता येईल एवढी जादा खरेदी अनुदानात बसत नाही, हा या व्यवस्थेतला मोठा दोष.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. त्यानंतर, वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखण्यावर भर आला आणि शाळांत चव नोंदवही दिसू लागली. २०१५ च्या नियमांनुसार निवडक शाळा व केंद्रीय स्वयंपाकगृहांतील नमुने महिन्यातून किमान एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जायला हवेत. ही तपासणी शिजलेल्या अन्नाची असते. कच्च्या भाजीवरचे फवारणीचे अंश डोळ्यांना दिसत नाहीत. वाहत्या पाण्यात नीट धुणे एवढाच उपाय शाळेच्या हाती असतो, आणि उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात तोही पुरता नसतो.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा फळांची पारखही शाळेकडे आली. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे. साल एकसारखी पिवळीधमक, देठ मात्र हिरवा आणि गर कडक असे केळे असले की अनुभवी बाई संशय घेते. पण इथिलीन वायूने पिकवणे कायदेशीर आहे आणि त्यातही साल सारखीच रंगते, म्हणून नुसत्या रंगावरून कार्बाइडचा निवाडा करता येत नाही.