इंटरनेट गेले म्हणजे जीपीएस गेले, असे नाही

‘मोबाइलचा डेटा बंद झाला की जीपीएसही बंद पडते’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात फोन उपग्रहांचे संकेत केवळ ग्रहण करतो आणि किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपले स्थान स्वतःच काढतो. डेटा लागतो तो नकाशा उतरवण्यासाठी व वाहतूककोंडी कळण्यासाठी. म्हणून ताम्हिणी घाटात रेंज गेली तरी निळा ठिपका सरकत राहतो, मात्र ‘सर्वांत जलद’ मार्गात ताज्या कोंडीचा हिशेब नसतो. (बोगद्यात उपग्रहांचे संकेतच पोहोचत नाहीत, तो प्रश्न वेगळा.) पडताळणीसाठी परिसराचा नकाशा आधी ऑफलाइन साठवावा, डेटा व वायफाय बंद करावे आणि मोकळ्या जागी चालून पाहावे, पहिले स्थान मिळायला थोडा अधिक वेळ लागू शकतो.