टायर हवेने नाही, तापाने मरतो: डार्लिंग्टन १९५०

उन्हाळा आला आणि समृद्धी महामार्गावर टायर फुटून गाडी उलटल्याची बातमी आली की ठरलेला मेसेज फिरायला लागतो. काँक्रीटवर टायर तापतो, आतली हवा फुगते, म्हणून लांब निघताना हवा चार पॉइंट कमीच ठेवा. हा सल्ला बरोब्बर उलटा आहे. साधं शाळेतलं गणित करून बघा, ३० अंशाला ३२ पॉइंट हवा भरली आणि टायर ८० अंशापर्यंत तापला तरी दाब जातो फार तर ४०च्या आसपास, आणि धडधाकट टायर याच्या कितीतरी पट दाब आरामात सोसतो. टायर मरतो तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण समजून घ्यायला मला ४ सप्टेंबर १९५०ची अमेरिकेतली एक रेस फार आवडते.

साउथ कॅरोलिनातलं डार्लिंग्टन हे छोटं गाव. हॅरल्ड ब्रॅसिंग्टन नावाचा तिथला एक माणूस १९३३ला इंडियानापोलिसची ५०० मैलांची रेस बघून आला आणि आपल्याकडेही असंच काहीतरी पाहिजे हे त्याच्या डोक्यात बसलं. पुढे त्याने शर्मन रॅम्सी या शेतकऱ्याकडून कापूस आणि भुईमुगाची जमीन घेतली, पण रॅम्सीची अट होती की माझ्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एका टोकाचं वळण आखूड करावं लागलं आणि सव्वा मैलाचा ट्रॅक लंबगोल न होता अंड्याच्या आकाराचा झाला. आता गंमत बघा, अमेरिकेतल्या रेसवाल्यांत भुईमुगाच्या शेंगा आणि हिरवा रंग महाअपशकुनी समजायचे, पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवून टायर बदलतात ती जागा) कोणी शेंगा फोडताना दिसला तर भांडणं व्हायची, आणि हा अख्खा ट्रॅकच शेंगांच्या शेतात उभा राहिला! त्या दिवशी ज्या गाड्यांची वाट लागली ती शेंगांमुळे नाही लागली. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात, त्याने टायरला फायदा-तोटा काहीच नाही, लिंबू मात्र वाया जातं.

तर रेस. नॅसकार या मोटार-शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची पक्क्या डांबरी ट्रॅकवरची ही पहिली ५०० मैलांची रेस, म्हणजे ८०५ किलोमीटर, ४०० फेऱ्या. ७५ गाड्या, तीन-तीनच्या २५ रांगा. आणि या सगळ्या शोरूममधून उचललेल्या घरगुती गाड्या बरं का. सगळ्यात पुढे ओल्ड्समोबाइल घेऊन कर्टिस टर्नर, पात्रता फेरीतला त्याचा वेग ताशी ८२ मैल, म्हणजे १३२ किलोमीटर. मागे ४३व्या नंबरला कॅलिफोर्नियाचा जॉनी मँट्झ, सहा सिलिंडरच्या साध्या प्लिमथमध्ये. ही गाडी रेसच्या आधी गावात किरकोळ कामांना फिरवत होते असं सांगतात. व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनच्या ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅकसमोर तिचा काय निभाव लागणार.

निकाल? प्लिमथ पहिली. दुसऱ्या आलेल्या फायरबॉल रॉबर्ट्सच्या नऊ फेऱ्या पुढे. वेळ ६ तास ३८ मिनिटं ४० सेकंद, सरासरी ताशी ७५.२५ मैल, बक्षीस १०,५१० डॉलर.

दणकट गाड्यांचे टायर फुटत होते, सोलपटत होते, पिटमध्ये टायरचे ढीग लागले. काही टीमवाल्यांनी मैदानात उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे टायर काढून वापरले असाही किस्सा आहे. मँट्झ इंडियानापोलिसला गाडी चालवलेला माणूस, त्याला माहीत होतं हे होणार, म्हणून त्याने ट्रकला लावतात तसले कडक रबराचे टायर लावले होते. ही गोष्ट नेहमी ससा-कासवाची म्हणून सांगतात आणि तिथेच सोडून देतात. मला त्यात वैताग येतो, कारण खरी मजा पुढे आहे, रबरात.

टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो. चाक एकदा फिरलं की टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि परत सुटतो. ताशी १२० किलोमीटरला साधारण सव्वादोन मीटर घेराच्या टायरचं हे सेकंदाला पंधराएक वेळा होतं आणि ८०५ किलोमीटरात साडेतीन लाखांच्या वर. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या, मधेमधे गंधकाचे टाके घातलेले. दाबलं की साखळ्या एकमेकींवरून सरकतात, सोडलं की परत येतात, पण येताना घासत येतात, त्यामुळे दाबायला दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी आतच उष्णता होऊन राहते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. तार तोडायला इकडे-तिकडे वाकवली की वाकलेल्या जागी बोटाला चटका बसतो, तसंच काहीसं. त्यात रबरातून उष्णता बाहेर जाता जात नाही, म्हणजे वरून हात लावला तर टायर ठीक वाटेल पण खांद्याजवळ, जिथे वरची नक्षी आतल्या धाग्यांच्या थरांना चिकटलेली असते, तिथे तापमान चढत जातं आणि तो चिकटा सुटतो. मग वरची पट्टी सोलून निघते. १९५०च्या टायरमध्ये तर धाग्यांचे थर तिरके, एकावर एक फुलीसारखे, टायर दबला की ते थरही आपापसात खेचाखेची करणार आणि अजून तापणार. हवा कमी असली की टायर जास्त चपटा होतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. व्हॉट्सॲपचा सल्ला इथे संपला. (आणि पंपावर पैसे घेऊन नायट्रोजन भरतात ना, साध्या हवेत तो आधीच ७८ टक्के असतो.)

आता खरा पेच. रस्त्यावर पकड कशामुळे मिळते? रबर डांबरातल्या बारीक खडबडीतपणात घुसतं आणि लगेच पूर्ववत होत नाही, खडीच्या मागच्या बाजूला रेंगाळतं, त्यामुळे खडीला एका बाजूने रेटा बसतो. म्हणजे पकडीचा मोठा हिस्सा त्याच हिस्टेरेसिसमधून येतो ज्याने टायर तापतो! पकड वाढवायची तर मऊ, आळशी रबर घ्या, ते तापणार. थंड राहणारं कडक रबर घ्या, ते घसरणार. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि वळणावर हे प्रकरण सरळ रेषेत वाढत नाही. थोडं गणित आहे, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर या. गाडी वळवायला लागणारं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हे बळ द्यायला टायर ज्या दिशेने तोंड करून असतो त्यापेक्षा किंचित तिरका चालतो, आणि हा तिरका कोन साधारण बळाच्या प्रमाणात, म्हणजे तोही वेगाच्या वर्गाने वाढणार. घासण्यातून दर सेकंदाला निघणारी उष्णता म्हणजे बळ गुणिले आडवा घसरण्याचा वेग, आणि तो आडवा वेग म्हणजे गाडीचा वेग गुणिले तो कोन. सगळं मिळून वेगाचा पाचवा घात. ७५ मैलांवरून ८२वर गेलात तर वेग वाढला ९ टक्के, आडवं बळ २० टक्के, आणि घासण्याची उष्णता सेकंदाला ५६ टक्के जास्त! वळण थोडं लवकर संपतं ते धरलं तरी दर फेरीला ४३ टक्के जास्त. आणि तापलेलं रबर अजून पटकन झिजतं हे तर मी मोजलंच नाही. त्यात फेऱ्या कायम डावीकडे, त्यामुळे भार उजवीकडच्या चाकांवर आणि सगळ्यात जास्त हाल उजव्या पुढच्या टायरचे, वर इंजिन जड तर अजूनच.

आता घड्याळ लावा. मँट्झची फेरी सरासरी ५९.८ सेकंदांची, टर्नरच्या वेगाने ५५ची. फेरीला पाचेक सेकंद, ४०० फेऱ्यांत अर्धा तास. बरंच वाटतं. पण हाताने जॅक लावायचा, हातपान्याने नट सोडायचे, आणि टायर फुटून ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला अडकलात तर रडतखडत पिटपर्यंत यायचं. दर वेळी दोन मिनिटं गेली समजा, सोळा वेळा थांबलात की अर्धा तास संपला. तिसऱ्या आलेल्या रेड बायरनची कॅडिलॅक अशीच टायर खात होती, आणि हा बायरन १९४९चा नॅसकार चॅम्पियन, कच्चा गडी नव्हे.

एक गोष्ट लपवू नये, त्या प्लिमथच्या मालकांपैकी एक स्वतः नॅसकारचा सर्वेसर्वा बिल फ्रान्स होता, त्यामुळे निकालावर कुरबुर झालीच. कुजबुजणाऱ्यांनी कुजबुजावं. नऊ फेऱ्यांचा फरक पडायला टायरचं गणित पुरेसं आहे.

तो दुसरा आलेला फायरबॉल रॉबर्ट्स, त्याने हीच रेस १९५८ला आणि १९६३ला जिंकली, आणि १९६३ला सरासरी होती ताशी जवळजवळ १३० मैल. पाचव्या घाताचं गणित जसंच्या तसं लावलं तर टायरवर पंधरापट उष्णता, म्हणजे एकही गाडी धड पोचायला नको. पोचल्या, कारण मधल्या काळात खास रेससाठीचे टायर आले, आणि १९५३ला ट्रॅक वाढवून १.३७५ मैलांचा केला. शिवाय वळणावरचा उतार, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूकडे तिरका केलेला रस्ता. आज तिथे एका टोकाला २५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २३ अंशांचा उतार आहे. २५ अंशांवर गाडीच्या वजनाच्या ४७ टक्क्यांइतकं वळवणारं बळ उतारच देतो, टायरला आडवं घासायलाच लागत नाही, तो फक्त उरलेल्या बळाचं बघतो. पण दोन टोकांची वळणं वेगवेगळी, त्यामुळे एका टोकाला बरोबर बसवलेली गाडी दुसऱ्या टोकाला नीट चालत नाही. ही कटकट रॅम्सीच्या माशांमुळे, आणि ती अजून मिटलेली नाही.